सुवर्णकणांची कसोटी

सराफाच्या पेढीवर बसलेले गिऱ्हाईक ज्या काळ्या दगडाकडे टक लावून पाहत असते, तो कसोटीचा दगड आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दागिना दगडावर घासावयाचा, उमटलेली रेघ ठराविक कसाच्या सोन्याच्या रेघेशेजारी धरावयाची आणि दोहोंच्या रंगातला फरक डोळ्यांनी पारखावयाचा, अशी ही जुनी रीत. तिचे मर्म असे की, पदार्थ काय आहे याची साक्ष त्याच्यावरून परतणारा प्रकाश देतो. आजच्या भाषणात, श्रोते हो, मी या रीतीच्या एका नव्या वंशजाविषयी बोलणार आहे. येथे सोन्याची परीक्षा होत नाही; सोनेच दुसऱ्याची परीक्षा घेते. आणि ज्याची परीक्षा घ्यावयाची तो पदार्थ आपल्या निपाणी-चिकोडीच्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो म्हणजे तंबाखूतील निकोटीन.

निपाणीचा तंबाखू हा विडीचा तंबाखू. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या शेतांतून तो पिकतो, उन्हात वाळतो, वखारींत येतो, तेथे कुटला-चाळला जातो आणि मग दूरदूरच्या विडी-कारखान्यांकडे रवाना होतो. अलीकडे उसाने आणि सोयाबीनने तंबाखूची पुष्कळ शेते घेतली असली, तरी या पिकाचा ठसा गावावरून पुसला गेलेला नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले, ही हकिकत तेथील वडीलधारी माणसे पुस्तक न उघडताही सांगतात. तो झगडा भावाचा होता. त्याच सुमारास वखारींतील स्त्रियाही मजुरीसाठी संघटित झाल्या. परंतु या स्त्रियांचा आणखी एक हिशेब आहे. दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईच्या शरीरात श्वासावाटे आणि कातडीवाटे किती निकोटीन गेले, हा तो हिशेब होय. हजेरीचे पुस्तक असते, मजुरीचे असते, याचे नसते.

निकोटीन कातडीतून आत शिरते, ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. ओढल्याशिवाय किंवा चघळल्याशिवाय तंबाखू बाधत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पानावर दव असताना शेंडे खुडणाऱ्या मजुराला मळमळ, ओकारी आणि घेरी येते, त्याचे कारण पानावरच्या पाण्यात उतरलेले निकोटीनच होय. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या डॉक्टरांनी १९७० साली या विकाराची नोंद केली आणि त्याला 'हिरव्या तंबाखूचा आजार' असे नाव पडले. वखारीतला तंबाखू वाळलेला असतो, तेव्हा तेथे दवाचा प्रश्न नाही. पण धूळ आहे, घाम आहे आणि आठ-दहा तासांची बैठक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस विडी-व्यवसायातील कामगारांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या लघवीत कोटिनीन वाढलेले आणि रक्तपेशींच्या रंगसूत्रांत बिघाड अधिक असल्याचे आढळले. कोटिनीन म्हणजे यकृतात निकोटिनाचे जे रूपांतर होते तो पदार्थ. निकोटीन रक्तात सुमारे दोन तासांत निम्मे होते, तर कोटिनिनास निम्मे होण्यास सोळा ते वीस तास लागतात. त्यामुळे शरीराने किती निकोटीन घेतले हे पाहावयाचे असेल, तर शास्त्रज्ञ कोटिनीन शोधतात.

अशी तपासणी आज करावयाची म्हणजे नमुना बाटलीत भरून, थंड ठेवून, मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेथील यंत्रे अचूक आहेत, पण महाग आहेत, आणि ती वखारीत येऊ शकत नाहीत. शास्त्रज्ञांनी कामगारांची पाहणी केली, प्रबंध छापले, यात त्यांचे श्रेय मोठे. तरी एखाद्या बाईला आज संध्याकाळी 'माझा आकडा किती?' असे विचारावेसे वाटले, तर त्याचे उत्तर देणारी सोय जवळपास नाही. सोन्याच्या कणांचा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो याच जागी.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण विष शोधण्याच्या शास्त्राचा आणि निकोटिनाचा संबंध फार जुना आहे. तंबाखूतून शुद्ध निकोटीन प्रथम वेगळे काढले गेले ते १८२८ साली, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे. पुढे १८५० साली बेल्जममधील एका सरदाराने तंबाखूच्या पानांपासून स्वतः निकोटीन काढून आपल्या मेहुण्याला पाजले. वनस्पतीचे विष प्रेतात सापडतच नाही, असा तेव्हाचा समज होता, आणि गुन्हेगाराची मदार त्याच्यावरच होती. जाँ स्टास या रसायनशास्त्रज्ञाने मृताच्या अवयवांतून ते विष काढून दाखविले आणि १८५१ साली सरदारास मृत्युदंड झाला. मानवी देहातून वनस्पतिविष शोधून काढल्याचे हे पहिले गाजलेले उदाहरण निकोटिनाचेच आहे. मात्र स्टासला त्यासाठी महिनोन्‌महिने खपावे लागले.

निकोटीन वेगळे काढल्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या साली, म्हणजे १९२८ च्या फेब्रुवारीत, कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कृष्णन यांच्या साह्याने तो सुप्रसिद्ध शोध लावला. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण विज्ञान दिन म्हणून पाळतो तो त्यासाठीच. हा शोध काय आहे हे सांगताना पाठ्यपुस्तके उगाच अवघड भाषा वापरतात. बाजारात मडके घेताना बाई ते टिचकीने वाजवून पाहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आवाजावरून मडके पक्के की फुटके, हे तिला समजते. रेणू म्हणजे अणूंची जोडणी. तिलाही टिचकी मारली तर ती आपापल्या सुरात कंप पावते. रामन यांची टिचकी होती प्रकाशाची. एका रंगाचा प्रकाश पदार्थावर पाडला, तर जवळजवळ सर्व प्रकाश त्याच रंगाचा परत विखुरतो. परंतु त्यातला एखादा किरणकण आपल्या ऊर्जेचा लहानसा वाटा रेणूला कंपनासाठी देऊन येतो आणि त्यामुळे त्याचा रंग किंचित तांबडेपणाकडे सरकतो. किती सरकला हे मोजले की रेणूचा सूर कळतो. पाण्याचा सूर वेगळा, मद्यार्काचा वेगळा, निकोटिनाचा वेगळा. पदार्थ जाळावा लागत नाही, विरघळवावा लागत नाही. त्याला नुसते उजेडात धरावयाचे.

अडचण एकच, पण ती फार मोठी. असा रंग बदलून येणारा किरणकण दहा लाखांत, कधी कधी दहा कोटींत एखादाच असतो. सौंदत्तीच्या यल्लमाच्या यात्रेत, पौर्णिमेच्या गर्दीत, एक ओळखीचा चेहरा शोधण्याजोगेच हे काम. पदार्थ शुद्ध आणि भरपूर असेल तर यंत्राला तो चेहरा दिसतो. लघवीच्या थेंबात विरघळलेल्या अत्यल्प कोटिनिनाचा सूर मात्र त्या कल्लोळात हरवून जातो. म्हणूनच रामन यांचा शोध जगन्मान्य होऊनही सूक्ष्म प्रमाणातले पदार्थ शोधण्याच्या कामी तो जवळजवळ अर्धशतक फारसा उपयोगी पडला नाही.

ही कोंडी फुटली ती १९७४ साली, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात, आणि तीही काहीशी अजाणता. मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्विलन हे चांदीच्या पट्टीवर चिकटलेल्या एका द्रव्याचा अभ्यास करीत होते. पट्टीवर अधिक रेणू बसावेत म्हणून त्यांनी विजेच्या प्रवाहाने ती खरबरीत केली. रामन-सूर एकदम ठळक उमटले. पृष्ठभाग वाढला, रेणू वाढले, म्हणून सूर वाढला, असे त्यांनी मानले. तीन वर्षांनी, १९७७ साली, अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन डुइन यांनी, तसेच इंग्लंडमध्ये आल्ब्रेख्ट आणि क्राइटन यांनी हिशेब मांडून दाखविला की, पृष्ठभाग खरबरीत करून रेणू फार तर काही पटींनी वाढतील. सूर मात्र लाखो पटींनी वाढला होता. ही किमया धातूच्या खडबडीतपणाचीच होती. (हेच फ्लाइशमन पुढे १९८९ साली 'थंड अणुसंमीलना'च्या दाव्यामुळे जगभर टीकेचे धनी झाले. एकाच माणसाच्या नावावर एक अस्सल शोध आणि एक फसलेला दावा असावा, याचे आश्चर्य वाटून घेण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेत असे घडते.)

त्या चांदीच्या पट्टीवर कोणते द्रव्य होते? पिरिडीन. पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांचे सहा अणूंचे कडे म्हणजे पिरिडीन. आणि निकोटिनाचा रेणू उलगडून पाहिला, तर त्यात दोन कडी दिसतात: एक पाच अणूंचे लहान आणि दुसरे सहा अणूंचे, हेच पिरिडिनाचे. ज्या द्रव्याने ही नवी विद्या प्रथम बोलकी केली, तेच निपाणीच्या प्रत्येक पानात गुंफलेले आहे. हा योगायोग केवळ कौतुकाचा नाही. पिरिडिनाच्या कड्यातील नायट्रोजनाला चांदी-सोन्याची ओढ असते, त्यामुळे ते धातूला जाऊन बिलगते. आणि ते कडे ज्या तालात आकुंचन-प्रसरण पावते त्याची रेघ रामन-वर्णपटात फार ठसठशीत उमटते. निकोटिनाच्या वर्णपटात, शास्त्रज्ञांच्या मोजपट्टीवर १०३० या आकड्याजवळ, ही रेघ उभी असते.

आता सोन्याकडे वळू. सोने पिवळे, हा आपला ठाम समज. पण तो ढिगाच्या सोन्यापुरता खरा आहे. सोन्याचे कण वीस नॅनोमीटरांइतके लहान केले तर ते पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग. वीस नॅनोमीटरांच्या कणात सोन्याचे सुमारे अडीच लाख अणू मावतात. अडीच लाख हा आकडा मोठा वाटला, तरी असा कण कोणत्याही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. प्राचीन रोममधील एका काचेच्या पेल्यात अशा सोन्या-चांदीच्या कणांमुळे प्रकाश आरपार गेला की लाली चमकते. तो पेला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मायकेल फॅरेडे याने १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देऊन ही लाली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचीच आहे, असे प्रतिपादन केले. त्याने तयार केलेल्या लाल पाण्याच्या बाटल्या लंडनमध्ये अद्याप जपून ठेवलेल्या आहेत.

ही लाली आता आपल्याही घरात येऊन पोचली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गर्भधारणेची घरगुती परीक्षा करणाऱ्या पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटते, ती बहुधा सोन्याच्या कणांची असते. करोनाच्या साथीत नाकातील स्राव तपासणाऱ्या पट्ट्या घरोघरी आल्या. त्यांतल्या पुष्कळ पट्ट्यांवरची रेघही अशीच होती. औषधाच्या दुकानातील पट्टीत सोने आहे असे सांगितले, तर लोक ती वितळवून पाहतील अशी भीती वाटते. पण त्यातले सोने इतके अत्यल्प असते की कोणताही गलाई कारागीर त्याच्या वाटेला जाणार नाही.

लाली का येते हे समजले की पुढचे सारे समजते. धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे वावरत असतात. अर्धी भरलेली घागर कमरेवर घेऊन चालणारी बाई डोळ्यांपुढे आणा. चालताना पाणी हिंदकळते. पावलांचा ताल आणि पाण्याचा स्वतःचा ताल जुळला की हिंदकळणे वाढत जाते आणि पाणी उसळून पदर भिजवते. ताल जुळला नाही तर पाणी निमूटपणे राहते. सोन्याचा कण ही घागर, मोकळे इलेक्ट्रॉन हे पाणी आणि प्रकाशाची लहर ही पावले. वीस नॅनोमीटरांच्या सुवर्णकणाचा ताल हिरव्या प्रकाशाशी, ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, जुळतो. हिरवा प्रकाश कण गिळून टाकतो आणि उरलेला लाल आपल्या डोळ्यांना दिसतो. या हिंदकळण्याच्या वेळी कणाच्या अगदी लगत, काही नॅनोमीटरांच्या आत, विद्युतक्षेत्र एकवटून भरास येते. तेथे जो रेणू चिकटलेला असेल, त्याला साध्या प्रकाशाची टिचकी लागत नाही, घणाचा घाव लागतो. शिवाय रेणूने परत पाठविलेला प्रकाशही त्याच कणामुळे वाढून बाहेर पडतो. जाताना वाढ, येताना वाढ. म्हणून क्षेत्र दहापट झाले तर रामन-सूर दहापट किंवा शंभरपट होऊन थांबत नाही. तो सुमारे दहा हजार पटींनी वाढतो. क्षेत्राच्या चौथ्या घाताचा हा हिशेब आहे.

दोन कण एकमेकांजवळ आले आणि त्यांच्यात एक-दोन नॅनोमीटरांची फट राहिली, तर त्या फटीत क्षेत्र याहूनही कितीतरी वाढते. शास्त्रज्ञ अशा फटींना 'तप्त ठिकाणे' म्हणतात. १९९७ साली दोन निरनिराळ्या गटांनी चांदीच्या कणांच्या साह्याने एकेकट्या रेणूचा सूर पकडल्याचे जाहीर केले. कण जवळ आणावयाची युक्ती साधी आहे: लाल द्रवात थोडे मीठ टाकावयाचे. कणांवरील विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवीत असतो, मीठ तो आवर मोडते, कण गोळा होतात आणि द्रव पाहता पाहता लालाचा जांभळा, मग निळा होतो. मिठाने सोने निळे पडते असे एखाद्या अनुभवी सराफाला सांगितले, तर तो माझ्या सोन्याचा कस काढल्यावाचून राहणार नाही. पण बाटलीत हा पालट खरोखरच काही क्षणांत होतो.

चांदीचे सामर्थ्य याबाबत सोन्याहून अधिक आहे, हे कबूल केले पाहिजे. मग सोन्याचा आग्रह का? याचे उत्तर निपाणीहून फार दूर नसलेल्या हुपरीच्या कोणत्याही कारागिराला विचारावे. तो चांदीचे पैंजण घडवितो आणि ते काळे पडते हेही जाणतो. हवेतील आणि घामातील गंधकाने चांदी काळवंडते. कणरूप चांदी तर अधिकच लवकर बिघडते. सोन्याचे कण नीट सांभाळले तर महिनोन्‌महिने टिकतात. ज्या परीक्षेवर कामगाराने आणि मालकाने दोघांनीही विश्वास ठेवावयाचा, तिचे साधन आज एक आणि उद्या दुसरे असून चालावयाचे नाही. सोन्याचा दुसरा गुण असा की, त्याचे गोळा झालेले कण लाल आणि अदृश्य अशा अवरक्त प्रकाशाला साद देतात. तंबाखूसारखा तपकिरी पदार्थ हिरव्या लेसरखाली स्वतःच चमकू लागतो आणि त्या चकाकीत रामन-सूर बुडून जातो. ७८५ नॅनोमीटरांच्या अवरक्त लेसरखाली ही चकाकी पुष्कळच कमी होते.

सोन्याचा खर्च ऐकून घाबरण्याचे कारण नाही. प्रिन्स्टन येथील टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेली कृती आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून चालते. अम्लराजात विरघळलेल्या सोन्याचे क्षार पाण्यात उकळावयाचे आणि त्यात लिंबातल्या आम्लाचा सोडियम-क्षार घालावयाचा. द्रव आधी करडा-निळसर, मग जांभळा आणि शेवटी डाळिंबी होतो. लिटरभर द्रवाला सुमारे पन्नास मिलिग्रॅम सोने पुरते. जुन्या मापाची गुंज म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम. तेव्हा गुंजभर सोन्यात जवळजवळ अडीच लिटर द्रव होतो, आणि एका परीक्षेला एक मिलिलिटर लागला तर सुमारे चोवीसशे परीक्षा होतात. खर्च सोन्याचा नाही. तो लेसरचा आणि वर्णपट वाचणाऱ्या यंत्राचा आहे. हातात धरता येतील अशी यंत्रे आता बाजारात आहेत, पण ती अद्याप गावच्या दवाखान्याच्या आवाक्यात आलेली नाहीत.

कणांचा आकार बदलला की त्यांचा तालही बदलतो. या संदर्भात आपल्या पुण्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला आणि सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण मिळविले. हा प्रबंध २००४ साली 'नेचर मटेरियल्स' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पानांतील साखरेच्या जातीची द्रव्ये सोन्याला क्षारातून मोकळे करतात. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषतात. कोणत्याही टोकदार कणाच्या कोपऱ्यांशी विद्युतक्षेत्र एकवटते, आणि रामन-सुरासाठी तेच हवे असते. परसातल्या गवती चहाला हे काम जमते, ही बातमी ऐकून चहा पिणाऱ्यांची छाती फुगली तरी हरकत नाही.

इतके सारे असताना वखारीच्या दारात हे यंत्र अजून का उभे नाही, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. या विद्येचा अवगुण असा की, ती ओळखते चटकन्, पण मोजते चाचरत. तप्त ठिकाणे सर्वत्र सारखी पडत नाहीत. एका थेंबात कण दाट गोळा झाले आणि दुसऱ्यात विरळ, तर कोटिनीन तितकेच असून सूर दुप्पट किंवा निम्मा येतो. शिवाय लघवीत यूरिक आम्ल आहे, क्रिएटिनीन आहे. तीही सोन्यावर जागा अडवून बसतात आणि कोटिनिनाला उभे राहावयास फट मिळत नाही. आणखी एक पेच निकोटीन आणि कोटिनीन यांच्यातच आहे. यकृत निकोटिनाच्या लहान कड्यात प्राणवायू बसविते, पिरिडिनाच्या कड्याला हातही लावीत नाही. त्यामुळे १०३० जवळची ती ठळक रेघ दोघांचीही जवळजवळ सारखीच असते आणि दोघांना वेगळे करण्यासाठी बारीक रेघांकडे जावे लागते. या दोषांवर उपाय निघत आहेत. नमुन्यात जड हायड्रोजनाने खुणावलेले तेच द्रव्य ठराविक प्रमाणात मिसळतात. त्याची रेघ किंचित बाजूला पडते आणि दोन रेघांची तुलना करून खरे प्रमाण काढता येते. सराफाने दागिन्याच्या रेघेशेजारी ठराविक कसाची रेघ ओढावी, तसेच हे. पण हे सर्व प्रयोगशाळेत साधले म्हणून गावात साधले असे होत नाही, आणि 'यंत्र आले, प्रश्न सुटला' असे जे उत्साही लोक लिहितात त्यांच्याशी मी सहमत नाही.

वखारीतल्या बाईच्या बाबतीत तर यंत्रापलीकडची एक अडचण आहे, आणि ती या मुलखात राहिल्याशिवाय सुचावयाची नाही. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया दातांना मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यावाटेही निकोटीन शरीरात जाते. मग लघवीत सापडलेले कोटिनीन वखारीचे की मिश्रीचे? मालक म्हणेल मिश्रीचे, कामगार म्हणेल वखारीचे, आणि यंत्र दोघांनाही उत्तर देणार नाही, कारण रेणूवर त्याचे गाव लिहिलेले नसते.

यावर तोड आहे, आणि ती महागडी नाही. एकाऐवजी दोन नमुने घ्यावयाचे. पहिला, आठवड्याच्या सुट्टीपूर्वी काम संपल्यावर संध्याकाळी. दुसरा, सुट्टी संपवून पुन्हा कामावर येताना सकाळी. मध्ये सुमारे दीड दिवस जातो. कोटिनीन सोळा ते वीस तासांत निम्मे होते, म्हणजे एवढ्या अवधीत ते जवळजवळ चौथाईवर यावयास हवे. मिश्री सुट्टीच्या दिवशीही चालूच असते, तेव्हा मिश्रीपुरते कोटिनीन घटत नाही. वखारीपुरते मात्र घटते. दोन आकड्यांची वजाबाकी केली की वखारीचा वाटा पुष्कळ अंशी उघडा पडतो. या पद्धतीत यंत्राने अचूक आकडा सांगण्याचीही निकड नाही. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या सुवर्णद्रवाने तपासले आणि त्यांच्यातली घट विश्वासाने सांगता आली, तरी पुरे.

नमुना घेताना मात्र दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. बाईने आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुतले पाहिजेत, आणि बाटलीचे झाकण वखारीबाहेर, मोकळ्या हवेत उघडले पाहिजे. तंबाखूच्या धुळीचा एक कण बाटलीत पडला, तर त्यात शरीरातून आलेल्या निकोटिनाहून अधिक निकोटीन असू शकते, आणि सोन्याचे कण त्यालाच इमानाने बिलगतील. कोटिनीन मोजण्याचा आग्रह धरावयाचा तो यासाठीही: धुळीत ते जवळजवळ नसतेच, त्याचा मोठा भाग तयार होतो तो यकृतातच.